बासष्ट भाग लिहून झाले, आता पुस्तक

पत्र

नमस्कार. मी देवगड तालुक्यात राहते, वय ३६. घरची हापूसची कलमं आहेत, त्यामुळे मार्च ते मे मान वर करायला फुरसत नसते. चार वर्षं टोपणनावानं प्रतिलिपी या कथांच्या ॲपवर प्रेमकथा लिहिते. शेवटची कादंबरी ६२ भागांची झाली, एकेक भाग साधारण ९०० शब्दांचा. वाचकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, १८० जणी आहेत. फार जीव लावतात, पण रोज "आजचा भाग कधी?" विचारतात, आणि गेले दोन महिने मला एक ओळ सुचलेली नाही. त्यात कुणीतरी सगळ्या भागांची पीडीएफ करून फिरवली. एक प्रकाशक या कादंबरीचं पुस्तक काढायला तयार आहेत. ३०० प्रतींचे ४८,००० रुपये मी भरायचे आणि "सर्व हक्क कायमस्वरूपी" त्यांचे. मी लिहिते हे सासरी माहीत आहे, काय लिहिते हे माहीत नाही. नायक मालवणी बोलतो, ते घाटावरच्या वाचकांना कळेल का? जवळिकीचे प्रसंग लिहिताना हात अडखळतो. सोबत भाग १४ आणि १५ पाठवते आहे. पुस्तक करावं का? पैसे भरावेत का?
– कलमांखालची लेखिका

उत्तर

नमस्कार ताई,

पुस्तक जरूर करा. या करारावर सही करू नका. आणि ६२ भाग जसेच्या तसे छापू नका. तिसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सगळ्यांत जास्त काम तिथंच आहे, म्हणून आधी तीच घेते.

मालिकेचा वाचक रोज पाच-सात मिनिटांसाठी येतो आणि कालचं अर्धं विसरून येतो. म्हणून भागाच्या सुरुवातीला कालची आठवण द्यावी लागते आणि शेवटी काहीतरी टांगून ठेवावं लागतं. पुस्तकाचा वाचक दुपारच्या एका बैठकीत तुमचे पंधरा भाग वाचून काढतो. त्याला तीच आठवण पंधरा वेळा ऐकवली की तो पानं उलटायला लागतो, आणि एकदा पानं उलटायची सवय लागली की चांगली पानंही तशीच उलटली जातात.

तुमचा भाग १४ बघा. पुण्याहून काकीकडे आलेली नायिका पेटी भरायला बसते, पेंढा पसरते, फळ उचलताना देठ मोडतो आणि चीक तिच्या मनगटावर उडतो. नायक तिचा हात धरतो. "तेवढ्यात खळ्यातून काकीची हाक आली..." इथे भाग संपतो. भाग १५ च्या पहिल्या १४० शब्दांत पुन्हा पेटी, पुन्हा चीक, पुन्हा हात, पुन्हा हाक. आणि काकीला हवा होता फक्त आणखी पेंढा. मालिकेत हे चालून गेलं. पुस्तकात ती हाक काढा, ते १४० शब्द काढा आणि प्रसंग सलग जाऊ द्या.

जाऊ द्यायचा तो असा. देठातला चीक कातडीवर राहिला तर भाजल्यासारखा डाग उठतो, म्हणून तर हापूस झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, देठासकट उतरवतात. तुम्हाला हे इतकं सवयीचं आहे की तुम्ही ते लिहिलंच नाहीत. नागपूरच्या वाचकाला चीक म्हणजे नुसता चिकटपणा वाटेल. तुमचा नायक या कलमांत वाढलेला आहे. तो हात धरून डोळ्यांत बघत बसणार नाही. तो तिला ओढत न्हाणीपाशी नेईल, तांब्यानं पाणी ओतेल, साबण चोळेल आणि वर ओरडेल, "देठ मोडू नको म्हणान कितीदा सांगितलंय तुका!" प्रेम त्या ओरडण्यात आहे. ते वाचकाला सांगावं लागत नाही.

आता पूर्ण कादंबरीसाठी कामाची रीत. प्रत्येक भागाला एक पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. त्यावर तीनच नोंदी करा: या भागात दोघांमधलं काय बदललं, कुणाला नवीन काय कळलं, आणि हा कुठला दिवस. ६२ कागद जमिनीवर मांडा. पहिली नोंद कोरी राहिलेला भाग एकतर शेजारच्या भागात मिसळा किंवा वगळा. ९०० शब्दांप्रमाणे तुमचे ५५,८०० शब्द होतात. त्यातून आठ ते दहा हजार शब्द सहज गळतील, आणि गळल्याचं कुणाच्या लक्षातही येणार नाही.

दोन ठिकाणी हात जड ठेवा. एक म्हणजे गैरसमज. मालिकेत एका न पोचलेल्या मेसेजवर वीस भाग निघतात. पुस्तकात वाचक म्हणतो, एक फोन का करत नाहीत ही दोघं? जो अडथळा एका फोननं सुटतो, तो दोन प्रकरणांपलीकडे नेऊ नका. तुमच्या कथेत खरा अडथळा आहे: तिला पुण्यात नोकरी आहे आणि त्याला कलमं सोडता येत नाहीत. तोच मधोमध आणा. दुसरी जागा म्हणजे शेवट. प्रेमकथेत दोघं एकत्र येणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं, त्याला "कसं" हवं असतं. ते कळल्यावर लग्न, हळद, डोहाळजेवण, बारसं असे आठ भाग म्हणजे पंगत उठल्यावर वाढलेली जिलेबी. एक छोटं प्रकरण पुरे. डोहाळजेवण टाकून मात्र देऊ नका, त्याचा उपयोग पुढे सांगते.

दिवसांची नोंद का? भाग १५ मध्ये जून संपता संपता नायकाचा भाऊ ट्रॉलर घेऊन मासेमारीला जातो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद असते. देवगडचा वाचक तिथंच पुस्तक मिटेल. एकतर त्याला बिनइंजिनाच्या होडीतून खाडीत पाठवा किंवा प्रसंग ऑगस्टात न्या.

मालवणीबद्दल. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद मालवणीत, हे तुम्ही धरलंय ते बरोबर आहे. गडबड स्पेलिंगची आहे. एकाच पानावर "माका" आणि "म्हाका", "खंय" आणि "खय" दोन्ही दिसतात. तीस-चाळीस शब्दांची यादी करा – माका, तुका, खंय, थंय, कित्याक, झील, चेडू, म्हणान – आणि प्रत्येकाचं एकच रूप ठरवा. मुद्रितशोधकालाही तीच यादी द्या, नाहीतर तो प्रेमानं सगळं "सुधारून" ठेवेल. मागे शब्दार्थांची सूची नको. कादंबरी वाचताना मागचं पान कुणी उघडत नाही. उत्तरातून अर्थ कळू द्या. तो म्हणतो, "खंय चल्लंस?" ती म्हणते, "बाजारात." नायिका पुण्याची आहे, तिला जे कळत नाही तेच घाटावरच्याला कळणार नाही. तिला विचारू द्या, चुकू द्या. पुस्तकाच्या शेवटी तिच्या तोंडून आपसूक एक मालवणी वाक्य निघालं, तर तेवढ्यानं बरंच काही सांगून होईल.

जवळिकीच्या प्रसंगात हात अडखळतो, कारण मराठीत या गोष्टींचे शब्द एकतर दवाखान्यातले आहेत नाहीतर शिवीतले. दोन्हीकडे जाऊ नका. अवयवांची नावं न घेता क्रिया लिहा, वस्तू लिहा, आवाज लिहा. शिवाय भरल्या घरात एकांत मिळणं हाच तुमच्याकडचा मोठा ताण आहे: माजघरात काकी झोपलेली, पडवीत कुणी खोकतंय, लाकडी दाराची कडी वाजते. ती कडी आवाज न करता कशी लावायची, हे दोघांनी मिळून शोधणं हा पूर्ण प्रसंग होऊ शकतो. किती पुढे जायचं ते तुम्ही ठरवा, पण पुस्तकभर एकच पातळी ठेवा. दोनशे पानं नुसती नजर आणि मग अचानक सगळं, असं झालं की वाचक गोंधळतो. प्रसंग उघड असतील तर मलपृष्ठावर "प्रौढ वाचकांसाठी" एवढं छापा.

आता करार. ४८,००० भागिले ३००, म्हणजे एक प्रत तुम्हाला १६० रुपयांना पडते. समजा किंमत २५० ठेवली आणि विक्रेत्यानं ४० टक्के घेतले, तर हातात येतात १५०. प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे दहा रुपये तोटा, आणि तोही सगळ्या प्रती विकल्या तर! वर हक्क त्यांचे. जो पैसे घालतो तो हक्क मागतो, हे समजण्यासारखं आहे. इथे पैसेही तुमचे आणि हक्कही तुम्हीच द्यायचे.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्याचं कलम १९ तुमच्या बाजूचं आहे. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, घेतलेले हक्क एका वर्षात वापरले नाहीत की ते सुटतात. म्हणूनच "कायमस्वरूपी" आणि "सर्व" हे दोन शब्द घातलेले असतात, त्यानं यातलं मुदतीचं कवच तरी निघून जातं. पुढे कुणाशीही बोलाल तेव्हा करारात एवढं असू द्या: फक्त मराठी छापील आवृत्ती, मुदत तीन किंवा पाच वर्षं, प्रतींची संख्या, रॉयल्टीचा दर आणि हिशेबाची तारीख. ऑडिओ, ई-बुक, अनुवाद, चित्रपट-मालिका हे हक्क लेखिकेकडे. आणि सही करण्याआधी प्रतिलिपीवर तुम्ही या कथेसाठी काही वेगळा करार स्वीकारला आहे का, तेही उघडून वाचा.

कोटेशनमध्ये "आयएसबीएन शुल्क" असेल तर ते खोडा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, सरकारी राजा राममोहन रॉय संस्थेकडून मोफत मिळतो, लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा. नोंदणी हवीच असेल तर साहित्यकृतीला ५०० रुपये फी आहे.

मग पुस्तक कसं काढायचं? ग्रुपमध्ये आगाऊ नोंदणी घ्या. १८० पैकी समजा साठ जणींनी पैसे भरले, तर शंभर प्रती डिजिटल छपाईवर काढा. ३०० प्रतींचा गठ्ठा घरात नको. तीन छापखान्यांकडून सुटं कोटेशन मागवा: अक्षरजुळणी दर पानी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी. प्रत १३० रुपयांना पडली तर १३,००० लागतील, आणि २२० रुपये दरानं साठ प्रतींचे १३,२०० आधीच आलेले असतील. पोस्टाचा खर्च वेगळा घ्या.

डेमी या कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकारात एका पानावर साधारण ३०० शब्द बसतात. कापून उरलेले ४६,००० शब्द म्हणजे १५३ पानं, वर शीर्षकपान, श्रेयपान वगैरे सात, एकूण १६०. सोळा पानांचा एक याप्रमाणे बरोबर दहा फर्मे. न कापता छापलं असतं तर बारा फर्म्यांच्या वर गेलं असतं. कागद ७० जीएसएम (हे कागदाच्या वजनाचं माप) नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर, मुखपृष्ठ ३०० जीएसएम.

आणि कोकणात राहणाऱ्या माणसानं छापखान्याला विचारलाच पाहिजे असा प्रश्न: कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या कण्याला समांतर आहे ना? आडवा असेल तर आपल्याकडच्या दमट हवेत पानं लाटांसारखी होतात आणि पुस्तक नीट मिटत नाही. मुखपृष्ठाचं तसंच. लॅमिनेशन बाहेरच्या बाजूला असतं, आतली बाजू ओल पिऊन फुगते, आणि मुखपृष्ठ बाहेरच्या अंगाला वळून उभं राहतं. म्हणून पावसात छापू नका. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा प्रती हातात असाव्यात असं वाटणारच, पण मोह टाळा. दिवाळीनंतर छापा, शिमग्याच्या आधी विका. तुमचा आंबाही मग सुरू होतो. खोकी जमिनीवर नकोत, फळ्यांवर, भिंतीपासून चार बोटं लांब, पुस्तकं आडवी. पोटमाळ्यावर तर नकोच. प्लास्टिकमध्ये बांधायची तर कोरड्या दिवशी बांधा. पावसाळी हवेत बांधली तर ओल आत कोंडते आणि महिन्याभरात बुरशी दिसते.

प्रूफ तपासताना एक खास शोध घ्या. मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये बदलला की "किनाऱ्यावर"चं "किनार्यावर" होतं. तुमच्या कादंबरीत किनारा, वारा, दुसऱ्या, पायऱ्या पानोपानी आहेत. "र्य" शोधा आणि प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी बघा. सूर्य, कार्य, धैर्य तसेच राहतील, बाकीचे दुरुस्त होतील. एका दमात "सगळे बदला" करू नका, सूर्याचा "सूऱ्य" होतो. "मुक्त" किंवा "शोभिका"सारखा युनिकोड फाँट वापरणारा अक्षरजुळणीकार मिळाला तर ही डोकेदुखीच उरत नाही.

पुस्तक निघालं की एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवावी लागते, १९५४ चा कायदा आहे. मुंबईची प्रत एशियाटिक सोसायटीकडे जाते. याशिवाय दोन-चार प्रती आपल्या भागातल्या वाचनालयांना द्या. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून आहे. प्रेमकथा वाचणारी बाई पुस्तक विकत घेण्याआधी वाचनालयातूनच नेते.

ई-बुक ॲमेझॉनच्या केडीपी या स्वतः पुस्तक काढायच्या सेवेवर मराठीत काढता येतं, त्याला आयएसबीएन लागत नाही. एक फास मात्र बघून ठेवा. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी तर केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे ई-बुक फक्त ॲमेझॉनवरच ठेवायच्या योजनेत, नाव घालावं लागतं, आणि मग ९० दिवस त्या मजकुराचा १० टक्क्यांहून जास्त भाग इंटरनेटवर दुसरीकडे कुठेही चालत नाही. प्रतिलिपीवरचे भाग तसेच ठेवून हे केलंत तर पुस्तक उतरवलं जाऊ शकतं. भाग ठेवायचे असतील तर ३५ टक्क्यांवर समाधान माना.

आता त्या १८० जणी. त्या तुमची ताकद आहेत, पण रोज हजेरी घेणारी ताकद माणसाला सुकवते. दोन महिने ओळ सुचत नाही, याचं कारण मला तरी प्रतिभेत दिसत नाही. चार वर्षं आंब्याच्या मोसमातसुद्धा तुम्ही रोज ९०० शब्द देत आलात. कलमांनाही एक वर्ष आड विश्रांती लागते, हे तुम्हाला मी काय सांगावं. ग्रुपवर एकच मेसेज टाका: "कादंबरीचं पुस्तक करते आहे. नवी कथा शिमग्यानंतर. तोवर दर रविवारी संध्याकाळी इथे येईन." कारण देऊ नका, माफी मागू नका. नव्या कथेचे वीस भाग हातात तयार असल्याशिवाय पहिला टाकू नका, आणि आठवड्याला तीनच टाका.

ग्रुपऐवजी चॅनल करता आलं तर बरं. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, त्यातून नको त्या माणसांचे मेसेज सुरू होतात. चॅनलवर वाचकांचे नंबर एकमेकींना दिसत नाहीत.

पुस्तकाचा खर्डा वाचायला पाच जणी निवडा. दोघी सिंधुदुर्गच्या, दोघी कोकणाबाहेरच्या, एक अशी जी मालिका वाचलेली नाही. तीन आठवडे द्या. "कसं वाटलं?" विचारलं तर "खूप छान" येईल. त्याऐवजी विचारा: कुठे वाचायचं थांबलात? कुठलं पान परत वाचावं लागलं? नायकाचा राग कुठे आला? एकीला खटकलं तर ती तिची आवड. तिघींना एकाच जागी खटकलं तर तिथं दुरुस्ती. आणि ते डोहाळजेवण? आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना वेगळी आठ पानी पुस्तिका म्हणून भेट द्या.

पीडीएफबद्दल ग्रुपवर एकदा शांतपणे लिहा की ही कथा माझ्या मालकीची आहे, फाइल पुढे पाठवू नका. जिथे दिसेल तिथे तक्रार नोंदवा. तारखांसकट तुमचे भाग प्रतिलिपीवर आहेत, तो पुरावा सांभाळा. कुणी पाठवली ते शोधत बसू नका, त्यात तुमचा ग्रुप फुटेल.

शेवटी घर. टोपणनाव ठेवा, मुखपृष्ठावरही तेच. करारावर आणि बँकेत खरं नाव लागेल, ते वाचकांपर्यंत जात नाही. जातं ते दुसऱ्याच वाटेनं: आगाऊ नोंदणीचे पैसे यूपीआयनं घेतलेत की समोरच्या बाईला तुमचं बँकेतलं नाव दिसतं, आणि पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहावा लागतो. साठ जणींपैकी एक तरी तुमच्या सासरच्या ओळखीची निघेल. म्हणून पैसे आणि पार्सल दोन्ही मुंबई-कोल्हापूरच्या एखाद्या विश्वासू मैत्रिणीकडून होऊ द्या आणि तिला तिच्या कष्टाचे प्रतीमागे पैसे द्या. घरी कधी सांगायचं ते तुम्ही ठरवाल. सांगाल तेव्हा ज्याला सगळ्यांत आधी सांगावंसं वाटतं त्याला भाग १४ वाचायला द्या, नवा केलेला, चीक आणि तांब्यावाला.